एकतीस दांड्या

६ जानेवारी, सोमवार

मुक्ताताई गाणार आहेत. अकरा वर्षांनी. आणि अट एकच घातलीय : साउंडला दिगंबर ढमढेरे असतील तरच.

श्यामसुंदर सभागृहातल्या पूर्वाचा हा फोन आला तेव्हा मी शेंगदाणे सोलत होतो. ताट मांडीवरून खाली. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, लॉटरी लागली की कोणी गेलं?" म्हटलं, त्याहून मोठं आहे, तू आधी केरसुणी आण.

उद्या मलाच खरं वाटायचं नाही म्हणून लिहून ठेवतोय. अडतीस वर्षं 'ढमढेरे साउंड' म्हणजे मी, माझे स्पीकर आणि एक टेम्पो. सहा वर्षांपूर्वी सगळं विकलं आणि घरी बसलो. त्या अडतीसातली सत्तावीस वर्षं मुक्ता खाजगीवाल्यांना माइक दिला. संगीत नाटकांत त्या उभ्या राहिल्या की विंगेतले सुतारसुद्धा हातोडी खाली ठेवायचे. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी दार लावून घेतलं.

संध्याकाळी त्या स्वतः बोलल्या. "दिगंबर, एकदाच गाऊन बघणार आहे. जमलं तर पुढेही गाईन. नाही जमलं तर तंबोरे शिष्येला देऊन टाकणार, आणि परत विचारायचं नाही."

म्हटलं, ताई, तुम्ही फक्त या. बाकी माझ्यावर सोडा.

दोन फेब्रुवारी, रविवार, सकाळी नऊ. चारशे खुर्च्या.

९ जानेवारी, गुरुवार

सभागृहात जाऊन आलो. बिबवेवाडीतल्या आमच्या घरापासून चालत बारा मिनिटं. पूर्वी ते मंगल कार्यालय होतं. तेव्हाचं पत्र्याचं छत अजून तसंच आहे, फक्त खालून टाइल मारून झाकलंय. टक्कल टोपीने झाकतात तसं. हॉल घुमायचा तो घुमतोच.

पूर्वा अमरावतीची. अठ्ठावीस वर्षांची, इंजिनियर, आणि हॉलचा सगळा साउंड तिच्या ताब्यात. म्हणाली, "काका, आता सगळं टॅबवर असतं. बसल्या जागेवरून कंट्रोल करू शकता." म्हटलं, बसल्या जागेवरून मी टीव्ही बघतो, साउंड नाही करत. हसली. मुलगी चांगली आहे. माझं जुनं ग्राफिक इक्वलायझर हॉलला विकलं होतं, ते तिने अडगळीतून काढून, पुसून, जोडून दिलं.

डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. ही काळी पेटी मी किती पेटीवाल्यांच्या आणि तबलजींच्या पुढे मांडीवर घेऊन बसलोय! या यंत्रात आवाजाचे एकतीस तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला एक दांडी, तिच्यावर कंपनांचा आकडा. अगदी डावीकडे ढोलाचा घुमार, अगदी उजवीकडे झांजेची कड. दांडी वर सरकवली की तो तुकडा वाढतो, खाली घेतली की दबतो. शिकायला लागतो एक दिवस आणि कळायला वीस वर्षं.

मला शिकवलं अनिरुद्धकाकांनी. ते नुसते आकडे सांगायचे नाहीत. माठात तोंड घालून बोलल्यासारखं वाटलं की अडीचशेची दांडी खाली. नाकात बोलल्यासारखं वाटलं की आठशेची. पत्र्यावर चमचा आपटला की अडीच हजार. सुपारी कातरली की चार हजार. आणि गायक 'श' म्हणाला की कोणी साडी फाडल्यासारखं वाटलं तर आठ हजार. रिकाम्या हॉलमध्ये मला पाठमोरा उभा करायचे, माइक शिट्टी मारेपर्यंत आवाज वाढवायचे आणि विचारायचे, "दिग्या, कुठली?" चुकलो की चहा नाही. सहा महिन्यांत माझा एकही चहा चुकेना.

पूर्वाला हे सांगितलं तर म्हणाली, "सिरियसली? मी ॲपवर बघते." असो.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ देऊन गोड बोलायचा दिवस, आणि आमचं वॉशिंग मशीनवरून वाजलं. कपडे झाले की मशीन पीप-पीप करायचं ते बंद पडलंय. मी मेकॅनिकला बोलावलं. तो बटणं दाबून म्हणाला, "आजोबा, वाजतंय की." ही त्याच्याकडे बघून काहीतरी खुणावत होती. दोघं मिळून मला शेंडी लावतात.

रातकिडेही संपले. पूर्वी इथे मोकळं रान होतं, संध्याकाळ झाली की नुसती किरकिर. आता किती वर्षांत एक ऐकला नाही. सगळीकडे फवारण्या, दुसरं काय.

आज माळ्यावरून माझी वही काढली. तिच्यात प्रत्येक गायकाची रेघ आहे. म्हणजे एकतीस दांड्या कुठे ठेवल्यावर त्याचा आवाज उत्तम लागला, ते चित्र काढून ठेवलेलं. मुक्ताताईंची रेघ ९४ सालची, लोणी काळभोरच्या मोकळ्या मैदानातली. समोर पाच हजार माणूस आणि वारा नुसता पिसाटलेला. काळी चारमध्ये, म्हणजे चांगल्या उंच पट्टीत, गात होत्या. वरच्या षड्जावर जाऊन थांबल्या आणि वाराही थांबला असं मी सगळ्यांना सांगतो. थांबला नसेल. पण मला तसं आठवतं.

तीच रेघ लावणार.

१९ जानेवारी, रविवार

आज तालीम.

मुक्ताताई बारीक झाल्यात. केस पूर्ण पांढरे. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दिगंबर, तुम्ही आहात तसेच आहात हो." म्हटलं, ताई, चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा.

वहीतली रेघ जशीच्या तशी लावली. तरी आवाज बसका वाटला, घोंगडीखालून आल्यासारखा. हे हल्लीचे स्पीकर असेच, नुसते दिसायला देखणे. म्हणून चार हजारच्या पुढच्या दांड्या वर घेतल्या, थोड्या, मग आणखी थोड्या. पूर्वा म्हणाली, "काका, वर जरा जास्त होतंय का?" म्हटलं, बाळ, या बाईंचा आवाज मी तुझ्या जन्माआधीपासून ऐकतोय.

ताईंनी खालच्या पट्टीत सुरुवात केली. गळा तापवत असतील. मग एक जुनं पद घेतलं, आणि अंतऱ्याला त्यांनी उजवा हात कानावर ठेवला. किती वर्षांनी पाहिलं ते! त्यांच्या गुरूंचीही तीच लकब होती. थोड्या वेळाने दोन्ही कानांवर हात ठेवले, इतक्या तल्लीन झाल्या होत्या. मी मागे टेबलाशी उभा, आणि इतका खूष की काय सांगू.

पेटीवाला मात्र मधेच थांबला आणि तोंड वाकडं करून पूर्वाकडे बघायला लागला. नवीन मुलांना दमच नाही. पूर्वा धावत स्टेजवर गेली आणि ताईंच्या पुढचा स्पीकर बाजूला वळवून आली. मला न विचारता! मी तिच्यावर चांगलाच ओरडलो.

अर्ध्या तासात ताई म्हणाल्या, "आज एवढंच पुरे. डोकं जड झालंय." वय झालं, दमणारच.

२१ जानेवारी, मंगळवार

ताईंचा फोन. "दिगंबर, पुढे ढकलू या का? मला वाटतं माझा आवाज कर्कश झालाय. ऐकवत नाही माझा मलाच."

मी अर्धा तास समजूत घातली. कर्कश कसला, उलट थोडा दबलेला आहे, मी आणखी उघडून देतो. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय तर ठीक आहे." आवाजात उत्साह नव्हता.

घाबरल्यात. मी आहे ना.

२५ जानेवारी, शनिवार

काय लिहू?

सकाळी हॉलवर गेलो होतो. पूर्वा म्हणाली, "काका, आपण वरच्या दांड्या एकदा चेक करू या?" मला राग आला. म्हटलं, असं कर, मी पाठमोरा बसतो. तू कुठलाही सूर सोड, मी दांडी सांगतो. अनिरुद्धकाकांची परीक्षा मी चाळीस वर्षांपूर्वी पास झालोय, तुझी आज देतो.

तिने सोडला. "अडीचशे." बरोबर. "आठशे." बरोबर. "एक हजार. दोन हजार." बरोबर, बरोबर. ती खरंच चकित झाली होती. "काका, कसलं भारी!" मी म्हटलं, चहा सांगून ठेव. "तीन हजार एकशे पन्नास." बरोबर. चार हजारला जरा थांबलो, पण सांगितला.

मग ती थांबली. मी वाट बघत बसलो. म्हटलं, सोड ना.

काही नाही.

"अगं सोड की! चहा वाचवतेस काय?"

मागून ती हळूच म्हणाली, "काका, वाजून राहिलंय."

वळून बघितलं. आठ हजारच्या दांडीवरचा लाल दिवा लागलेला होता. स्पीकरसमोर झाडू मारणाऱ्या बाई कानांवर हात ठेवून उभ्या होत्या. दोन्ही कानांवर दोन्ही हात. आणि हॉल माझ्या लेखी गप्प होता.

मला मुक्ताताई दिसल्या. तशाच हात ठेवून उभ्या.

पूर्वाने आवाज बंद केला. म्हणाली, "काका, मी कोणाला सांगणार नाही. पण त्यांना तुम्ही सांगा." मी चहा न घेता घरी आलो.

२६ जानेवारी, रविवार

लिहावंसं वाटत नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

हिला सांगितलं. सकाळपासून तीनदा सुरुवात केली आणि तीनदा भाजीचा विषय काढला. शेवटी सांगून टाकलं की माझे कान गेले. सगळे नाही, वरचे गेले.

ही पालक निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चार वर्षं झाली मला कळून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्हाला ऐकू आलं नाही."

आणि मग दोघंही असे हसत सुटलो की शेजारच्या नीरजावहिनी दारात येऊन बघून गेल्या. हसता हसता मला रडूच आलं. अडतीस वर्षं ज्याच्यावर पोट भरलं, ज्याच्यावर माज केला, तेच गेलं आणि मला पत्ता नाही. रातकिडे म्हणे फवारणीने मेले! कुठले मरतायत. आहेत तिथेच आहेत.

ही म्हणाली, "मुक्ताताईंना सांगा. फोनवर नको, जाऊन सांगा."

सांगितलं तर त्या गाणार नाहीत. त्यांची अटच ती. आणि न सांगता टेबलाशी बसलो तर चारशे लोकांसमोर त्यांच्या आवाजाची मी चटणी करणार. मग त्यांना वाटणार, दोष आवाजाचा. तंबोरे शिष्येला.

३० जानेवारी, गुरुवार

गेलो. सहकारनगरात त्यांच्या घरी दारातच दोन तंबोरे उभे, गवसण्या काढलेल्या, म्हणजे रियाझ सुरू. ते बघून परत फिरावंसं वाटलं.

चहा आला, शिष्येचा धरून तीन कप. मी तालमीचं बोललो, खुर्च्यांचं बोललो, पार्किंगचंही बोललो. पार्किंगशी माझा काय संबंध! मग म्हटलं, "ताई, मला वरचं ऐकू येत नाही. त्या दिवशी कर्कश होतं ते तुमचा आवाज नव्हता, मी होतो. मला कळलंच नाही. माफ करा."

त्यांनी कप बशीवर ठेवला.

"दिगंबर, मला वरचं लागत नाही."

मी खुर्ची पुढे ओढली.

"त्या दिवशी मी पांढरी चारमध्ये गायले. काळी चार सोडली मी. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. मला वाटलं, माणूस सभ्य आहे, झाकून नेतोय."

"मला वाटलं, गळा तापवताय."

"अर्धा तास?" असं म्हणून हसल्या. मग पदर डोळ्यांना लावला. "खरं सांगू? तुम्हीच हवेत असं का म्हटलं मी? मला वाटायचं, त्या दांड्या खालीवर करून तुम्ही मला परत चौऱ्याण्णव सालची करून द्याल. वेडीच आहे मी."

मी वहीचं सांगितलं. मीही तिथेच अडकलो होतो, लोणी काळभोरच्या मैदानात. समोर उभ्या असलेल्या बाईंना मी माइक देतच नव्हतो.

शेवटी विचारलं, "मग ढकलू या पुढे?"

"पुढे कुठे ढकलणार?" त्या म्हणाल्या. "पुढे गेलं की दोघांचंही आणखी कमीच होणार. त्या मुलीचे कान चांगले आहेत ना?"

"उत्तम आहेत. त्या दिवशी तुमच्यापुढचा स्पीकर तिनेच वळवला, आणि मी तिलाच ओरडलो."

"मग तिला सांगा, वरचं तिने बघायचं. खालचं तुम्ही. आणि त्या तिसऱ्या कपातला चहा कोणी पीत नसेल तर मी घेते, माझा गार झाला."

चालत घरी आलो. तीन किलोमीटर. पाय दुखले नाहीत.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज मी पूर्वाची माफी मागितली. म्हणाली, "काका, प्लीज, असं नका ना करू," आणि पाण्याची बाटली शोधायला निघून गेली.

मग एकतीसच्या एकतीस दांड्या मधोमध आणल्या. शून्यावर. कुणाचीही रेघ नाही. मला आठवेना की मी शेवटचं असं कधी केलं होतं.

माइक लावला आणि हळूहळू वाढवत नेला. जिथे शिट्टी फुटली तिथली दांडी थोडी खाली, मग पुन्हा वाढवायचं. डावीकडून एकवीसपर्यंत मी, बावीसपासून पुढे ती. तिच्या बाजूची शिट्टी मला दिसायची, तिच्या भुवया वर गेल्या की. अडीचशेवर हॉल नेहमीसारखा घुमला. मी दांडी चांगली खाली घेतली, पण तिला सांगितलं, एवढी राहणार नाही. उद्या माणसं बसली की अर्धा घुमार त्यांच्या शालीत आणि स्वेटरमध्ये जिरतो. तेव्हा थोडी परत वर घ्यायची, नाहीतर आवाज उपाशी वाटतो. हे कुठल्या ॲपमध्ये नसतं.

तिने वहीत लिहून घेतलं. तिचीही वही आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

चारशे खुर्च्या भरून लोक पायऱ्यांवर. पुणेकरांनी नऊचा कार्यक्रम म्हणून पावणेनऊलाच घड्याळं बघायला सुरुवात केली होती. ही तिसऱ्या रांगेत, मोरपंखी साडीत. अडतीस वर्षांत माझ्या कार्यक्रमांना ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आली असेल. डबा मात्र रोज पाठवला.

ताईंनी पांढरी चारमध्ये षड्ज लावला. माणसं बसली होती, मी अडीचशे जरासं वर घेतलं, आणि आवाजाला अंग आलं. पूर्वा माझ्या शेजारी, डोळे स्टेजवर, बोटं उजवीकडच्या दांड्यांवर. आम्ही एकमेकांशी बोललो नाही. गरजच पडली नाही.

आवाज पूर्वीचा नव्हता. खालचा, खरखरीत, सांभाळून पाऊल टाकणारा. पण शब्द असा ठेवायच्या की समोरचा हलेना.

शेवटी भैरवी. अंतऱ्याला त्या वरच्या षड्जाकडे निघाल्या. मला कळलं, जायचं नव्हतं तिथे, ठरलं नव्हतं. पण निघाल्या. आणि वर पोचता पोचता आवाज चिरला.

पूर्वाने माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "काका, चार हजार खाली घेऊ? झाकलं जाईल."

चाळीस वर्षं मी तेच केलं असतं. म्हटलं, "राहू दे. तो त्यांचा आहे."

तिने बोट उचललं. ताईंनी तो चिरलेला सूर सोडला नाही. तसाच धरून ठेवला, मग त्याला हळूच खाली आणला आणि मूळ षड्जावर बसवला. हॉलमध्ये टाचणी पडली असती तर, मला नाही, पण बाकी सगळ्यांना ऐकू आली असती.

मग टाळ्या. उठून उभे राहिलेले लोक. त्यातला कडकडाट मला जेवढा आला तेवढा पुरला.

विंगेत ताई भेटल्या. घामाने डबडबलेल्या. काही बोलायच्या आधीच शिष्या तंबोरे गवसणीत घालायला आली, तेव्हा तिला म्हणाल्या, "सावकाश घाल. परवा लागणार आहेत मला."

ही आणि मी चालत घरी निघालो. ऊन चढलं होतं. मी म्हटलं, खरं सांगतो, शेवटी ताई वर गेल्या तेव्हा मला निम्मंच आलं. त्या सुराची कड, शब्दातला 'श', तंबोऱ्याची ती बारीक झणझण, काहीच नाही. तुला आलं?

"सगळं आलं," ती म्हणाली.

"मग सांग."

ती माझ्या उजव्या बाजूला आली, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि पहिल्या षड्जापासून सुरुवात केली. काय काय वाजलं, कुठे श्वास घेतला, कुठला शब्द कसा सुटला, एकेक सांगत राहिली. बारा मिनिटांच्या रस्त्याला आम्हाला पाऊण तास लागला.